दगडांतील दप्तर : नवी जाति कशी फुटते ?

विहीर खणतांना शंखाचा आकार उमटलेला दगड निघाला, तर आपण तो क्षणभर न्याहाळून बांधावर टाकून देतों. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत असा योग विरळाच, कारण तो पाषाण म्हणजे थिजलेला तप्त रस आहे. परंतु रसाच्या दोन लोटांमधल्या काळांत जेथें तळीं साचलीं, तेथें चिखलांत गोगलगाईंचे शंख राहिले व कालांतरानें त्यांचा दगड झाला. नागपूरजवळ टाकळी येथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाद्री हिस्लॉप यांनीं असे शंख गोळा केले. ते साडेसहा कोटि वर्षांइतके जुने आहेत. अशा अवशेषांस जीवाश्म म्हणतात. त्यांवरून नवी जाति कशी उत्पन्न होते हें कळतें काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आधीं जाति म्हणजे काय तें पाहूं. मालदांडी ज्वारीस आपण जात म्हणतों, पण तो वाण होय. शास्त्रांत सामान्यतः ज्यांचा परस्परांशीं संकर होऊन पुढें वंश चालतो, त्यांची एक जाति. गाय व म्हैस एका गोठ्यांत जन्म काढतात, पण त्यांची संतति होत नाहीं. घोडा व गाढव यांपासून खेचर होतें, पण खेचराचा वंश सहसा चालत नाहीं. आतां दगड कांहीं कोणाचें कोणाशीं जमत होतें तें सांगत नाहीं. तो फक्त रूप दाखवितो. मग रूपावरून जाति ठरविणें कितपत खरें? जॅक्सन व चीथम या दोघांनीं ही शंका जिवंत प्राण्यांवर तपासून पाहिली. समुद्रांत खडकावर पापुद्र्यासारखी वसाहत करून राहणारे बारीक जीव आहेत. पनामाजवळच्या समुद्रांतील अशा जीवांची पिलावळ त्यांनीं एकाच ठिकाणीं वाढविली, त्यांच्या अंगांतील द्रव्यें तपासलीं, आणि सन १९९० मध्यें दाखवून दिलें कीं, सांगाड्याच्या बारीक मोजमापावरून पाडलेल्या जाति रक्ताच्या पुराव्याशींही जुळतात. सर्व प्राण्यांस हें लागू पडेल असें नव्हे. पण शंका पुष्कळ हलकी झाली.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून पुढील गोष्ट त्याच भाषेंत सांगतों. जमिनीच्या फेरफाराचे आम्ही येथें दोन प्रकार घेतों. एक वारसाचा : बाप गेला, मुलाचें नांव लागलें, शेत तेंच. दुसरा वाटणीचा : एका शेताचे दोन हिस्से झाले. जीवसृष्टींतही तसेंच. एक जाति हळूहळू पालटून दुसरी होते, तो वारस. एकीच्या दोन होतात, ती वाटणी. जातींची संख्या वाढते ती वाटणीनें.

एकदां एका गांवच्या दप्तरांत एक नंबर अखंड दिसला व पुढच्या शिल्लक वहींत त्याचेच दोन हिस्से. मधल्या वह्या वाळवीनें खाल्लेल्या. आम्हीं अहवालांत लिहिलें कीं, वाटणी एकाएकी झाली. त्यामुळें धाकट्या भावाची जुनी वहिवाट खोटी ठरली व त्यास दोन वर्षें खेटे घालावे लागले. मग शेजारच्या गांवच्या गाठोड्यांत चुकून बांधलेली एक वही सांपडली. भाऊ अकरा वर्षें वेगळे कसत होते. तो दोष आमचा होता, आणि आजही तो आठवतो.

डार्विनसाहेबांपुढें हीच अडचण होती. जाति हळूहळू पालटते, तर मधलीं रूपें कोठें आहेत? सन १८५९ च्या ग्रंथांत त्यांनीं उत्तर दिलें कीं, वह्या गहाळ आहेत. तें बरेंच खरेंही आहे. पण सन १९७२ मध्यें एल्ड्रेज व गूल्ड या दोन अमेरिकनांनीं विचारलें : प्रत्येक खंड वाळवीचाच कशावरून? एल्ड्रेज यांनीं ट्रायलोबाइट नांवाचे, खंडाखंडांच्या कवचाचे समुद्री प्राणी तपासले होते. ते सुमारें ३८ कोटि वर्षांपूर्वींचे. त्यांच्या डोळ्यांत भिंगांच्या उभ्या ओळी असतात. अमेरिकेच्या मध्यभागीं पसरलेल्या उथळ समुद्राच्या थरांत दीर्घकाळ १८ ओळींचे प्राणी सांपडतात, व पुढच्या थरांत एकदम १७ ओळींचे. मधलें कांहीं नाहीं. परंतु पूर्वेस न्यूयॉर्क प्रांतांतील एका खाणींत दोहोंच्या मधले, कमीजास्त ओळींचे प्राणी एकत्र मिळाले. म्हणजे पालट समुद्राच्या कडेला, एका लहान टोळींत झाला. मध्यभागचा समुद्र आटून जुने नाहींसे झाले. पाणी परतलें तेव्हां आंत आले ते नवे. शेजारच्या गाठोड्यांतली वही ती हीच. शिवाय त्यांचें म्हणणें असें कीं, थरामागून थर न पालटणारें रूप हाही पुरावाच आहे. त्यास कोरें पान समजूं नये. येथें ‘एकदम’ म्हणजे कांहीं हजार वर्षें. तेवढा काळ गाळाच्या वीतभर थरांत मावूं शकतो.

तरी सर्व फेरफार असेच होतात असें नाहीं. हिंदी महासागराच्या तळाला भोंक पाडून काढलेल्या गाळांत ग्लोबोरोटालिया नांवाच्या एकपेशी जीवांचीं सूक्ष्म कवचें आहेत. माल्मग्रेन व त्यांच्या सोबत्यांनीं सन १९८३ मध्यें दाखविलें कीं, सुमारें ५० लाख वर्षांपूर्वीं सहाएक लाख वर्षांच्या अवधींत तें कवच क्रमाक्रमानें पालटलें. वाटणी मात्र झाली नाहीं. हा शुद्ध वारसाचा फेरफार.

आणि एक प्रकार असा कीं, जेथें मधलें पान लिहिलेंच जात नाहीं. आपला चपातीचा गहू हा खपलीच्या कुळांतील गव्हाचा एका रानगवताशीं संकर होऊन कास्पियन समुद्राच्या बाजूस उत्पन्न झाला. खपलीच्या पेशींत गुणसूत्रें २८, याच्यांत ४२. असा पालट दोनएक पिढ्यांत होतो. त्याचें मधलें रूप जळक्या दाण्यांत शोधणें व्यर्थ. तो पुरावा जिवंत रोपांतच मिळाला.

म्हणून विहिरींत शंखाचा दगड निघालाच, तर तो किती हातांवर, कोणत्या थरांत, वर काय व खालीं काय होतें, हें लगेच लिहून ठेवावें व नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कचेरीस कळवावें. थर न लिहिलेला दगड म्हणजे तारीख नसलेली नोंद. ती कोणत्याही कचेरींत धरीत नाहींत.