मधुमालती, शिंजीर आणि वाया गेलेला फ्लॉक्स

मधुमालती ही दांडगी, वर्षानुवर्षे टिकणारी वेल अर्जुन आणि हिरडा यांच्या कुळातली आहे. तिचे झुबके संध्याकाळी पांढरे उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि मग लाल. त्यामुळे एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. वास रात्री दरवळतो, तेव्हा लांब सोंडेचे पतंग येतात. दिवसा मधमाश्या, फुलपाखरे आणि शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी.

सोलापूरच्या अंगणात फुलातल्या मधासाठी येतो तो हा शिंजीर. हमिंगबर्ड भारतात नाही. अमेरिका खंडांबाहेर तो कोठेच आढळत नाही. रोपे विकणाऱ्याला एवढे माहीत असायलाच हवे. परगावच्या एका नर्सरीने प्रस्तुत लेखकाला बहुवर्षायू फ्लॉक्सच्या मुळ्या पार्सलने पाठवल्या, त्या पाकिटावर हमिंगबर्डचे चित्र होते आणि पक्षी हमखास येतील असे फोनवर सांगितले गेले होते. हा फ्लॉक्सही सुवासिक खरा, पण मूळचा पूर्व अमेरिकेचा. त्याला ओलसर जमीन आणि कडक थंडीतली विश्रांती लागते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते. डिसेंबरात फुटलेले कोंब मार्चअखेर करपले. तक्रार केल्यावर उत्तर आले, ‘पाणी कमी पडले.’ रोज पाणी घातल्याचे सांगताच तोच माणूस म्हणाला, ‘मग जास्त झाले.’ झाड या हवेचे नाही, हे त्याने शेवटपर्यंत कबूल केले नाही. पैसेही परत मिळाले नाहीत.

उलगडा झाला तो वाळलेल्या कुंडीपाशीच. शेजारच्या फाटकावरच्या मधुमालतीतून बारीक, धारदार चिवचिव ऐकू आली. जेमतेम १० सेंटीमीटरचा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा नर झुबक्याला लटकून फुलात बाकदार चोच खुपसत होता. ती वेल तिथे कित्येक वर्षे होती.

लागवडीला महाग रोप लागत नाही. जुन्या वेलीच्या बुंध्याभोवती धुमारे फुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्यातला एखादा मुळासकट काढून लावावा. दाब कलमही सहज लागते. जागा भरपूर उन्हाची हवी. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे. इथली जमीन अनेक ठिकाणी चुनखडीची असते. पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती पाण्याची नव्हे, लोहाची कमतरता समजावी. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन पानांवर फवारावे. नत्र जास्त झाले की पाला माजतो, फुले घटतात. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आळे ओले ठेवावे. मुळे खोल गेली की वेल ताण सोसते.

आधार भक्कम हवा. पत्र्याची हलकी कमान दोन पावसाळ्यांत वाकते. गळालेल्या पानाच्या देठाचा बुडखा वेलीवरच राहून काटा बनतो, तेव्हा हातमोजे घालूनच काम करावे.

पिठ्या ढेकूण आला की दुकानदार हमखास मुळाशी ओतायचे औषध पुढे करतो. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध झाडभर पसरून फुलांच्या मधातही उतरते, आणि तोच मध शिंजीर पितो. पाण्याचा जोराचा फवारा आणि साबणाचे पाणी पुरते.

फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून हिवाळा सरता सरता छाटणी करावी. शिंजिराची वीण मात्र दख्खनमध्ये बहुधा त्याच सुमाराला सुरू होते. कोळ्याच्या जाळ्याने विणलेले, काड्या-कचरा चिकटवलेले त्याचे घरटे फांदीच्या टोकाला लोंबते आणि वाऱ्याने अडकलेल्या केरासारखे दिसते. कात्री लावण्यापूर्वी असा प्रत्येक पुंजका खालून पाहावा. बाजूला छोटे दार दिसले, तर पिल्ले उडेपर्यंत ती फांदी राहू द्यावी.