मंत्रचळाचे एक अपरिचित रूप

मंत्रचळ (ओसीडी) म्हटले की वारंवार हात धुणारा रुग्ण आठवतो. परंतु 'हे जग खरे कशावरून?', 'मी आहे याला प्रमाण काय?' असे विचारणारा तरुण समोर बसला, की आपल्यातील वेदान्ती जागा होतो व वैद्य मागे पडतो. प्रस्तुत लेखकाचेही असे झाले. उत्तर ऐकून रुग्ण समाधानाने गेला. चौथ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन परतला.

जिज्ञासूला प्रश्नात रस असतो, या रुग्णाला त्यातून सुटका हवी असते. विचार नको असता येतो, भीती दाटते, मग तासन्‌तास मनन, वाचन, आप्तांना पुनःपुन्हा विचारणे. शंका अतिरेकी आहे हे त्याला बहुधा उमगते. दृढ भ्रमापासून हा भेद महत्त्वाचा.

चरकाने अहितकर विषयांपासून मनोनिग्रहास सत्त्वावजय म्हटले आहे. येथे निग्रह विचाराचा नव्हे, उत्तर शोधण्याचा करावयाचा. दडपलेला विचार उलट बळावतो. 'असेल वा नसेल' म्हणून हातचे काम चालू ठेवावे. अस्वस्थता हळूहळू ओसरते. हा सराव प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडूनच सुरू करवावा. आपण व घरच्यांनीही धीराची तीच ती उत्तरे देणे थांबवावे.

सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या गोळ्यांचा गुण दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागू शकतात. औषधालयचालकांनी ब्राह्मी, शंखपुष्पी देताना त्या परस्पर बंद करण्यास सुचवू नये. आत्मघाताचे विचार येतात का, हे संकोच न करता विचारावे. येत असल्यास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांकही जवळ असावा.