सेन्सरचे जाळे किती जागा पाहते?

जंगलात वणव्याची सूचना देणारे बिनतारी सेन्सर बसवले, म्हणजे सगळं जंगल नजरेखाली आलं असं होत नाही. ज्या तुकड्यापर्यंत एकाही सेन्सरची नजर पोहोचत नाही, तिथे आग लागली तर जाळे गप्पच राहणार. म्हणून आधी विचारायचं, जागा किती झाकली? या मोजमापाला संवेदन-व्याप्ती म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. जागा १०० मीटर × १०० मीटर, म्हणजे १०,००० चौरस मीटर. प्रत्येक सेन्सरला १० मीटरपर्यंतचं कळतं असं समजू. एका वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मीटर. भागाकार केला की उत्तर येतं साधारण ३२. मग ३२ सेन्सर पुरतील का? नाही! वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि मध्ये फटी राहतात.

सेन्सर कसेही विखुरले, तर एखादा बिंदू एका सेन्सरच्या कक्षेबाहेर राहण्याची शक्यता सुमारे ०.९६९ (कडांचा परिणाम सोडून). ही संख्या जितके सेन्सर तितक्या वेळा स्वतःशीच गुणा. सरासरी व्याप्ती अशी येते:

३२ सेन्सर – ६४ टक्के
६४ सेन्सर – ८७ टक्के
९६ सेन्सर – ९५ टक्के

बघा, सेन्सर तिप्पट केले तरी ५ टक्के जागा उघडीच! याउलट समभुज त्रिकोणांच्या शिरोबिंदूंवर, एकमेकांपासून सुमारे १७.३ मीटरवर सेन्सर ठेवले, तर कडा सोडून ३९ मध्येच काम भागते. मोठी जागा सारख्या वर्तुळांनी झाकायला याहून काटकसरीची मांडणी नाही, हे रिचर्ड कर्शनर यांनी १९३९ मध्ये सिद्ध केले.

प्रत्यक्ष जाळ्याची व्याप्ती कशी मोजाल?

१. जागेवर १ मीटर अंतराची चौकट आखा.
२. प्रत्येक चौकोनाच्या मध्यबिंदूपासून सर्वांत जवळच्या सेन्सरचे अंतर काढा.
३. अंतर १० मीटर किंवा कमी असेल, तर बिंदू झाकलेला.
४. झाकलेले बिंदू भागिले एकूण बिंदू, म्हणजे व्याप्ती.

पण फक्त टक्केवारीवर थांबू नका. उरलेली ५ टक्के म्हणजे ५०० चौरस मीटर. ती छोट्या फटींत विखुरली असेल, तर आग थोडी पसरताच कुठल्यातरी सेन्सरच्या कक्षेत येईल. तीच एका जागी असेल, तर आग बरीच वाढेपर्यंत कुणाला पत्ताच लागणार नाही. म्हणून टक्केवारीसोबत सर्वांत मोठी फट कुठे आहे, तेही नोंदवा.

सरावासाठी: चौरस मांडणीत सेन्सरमधील अंतर १४.१ मीटर ठेवल्यास, कडा सोडून किती सेन्सर लागतील? (उत्तर: सुमारे ५०)