चित्र त्यांचं, निस्तरणं आमचं
'कोड लिहायलाच लागत नाही साहेब, प्रोसेस काढायची आणि डिप्लॉय करायची.' डेमोत हे ऐकून ज्यांचे मालक खूश झालेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. थोडं माझ्या मनातलं ओकण्यासाठीही.

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात खरेदीची मंजुरी कागदावर चालायची: इंडेंट, कोटेशनं, पीओ, सह्या. वेंडरने त्याची बीपीएमएनमध्ये, म्हणजे प्रोसेस चित्रात मांडायच्या ठरलेल्या पद्धतीत, आकृती काढली. त्या पद्धतीवर माझा राग नाही. २०११ मध्ये तिची २.० आवृत्ती आली, २०१३ मध्ये ती आयएसओ मानक झाली, आणि ती कामाची आहे. स्टोअरच्या मामांनी भिंतीवरचं चित्र बघितलं आणि लगेच विचारलं, 'रिजेक्ट माल परत जातो तो रस्ता कुठाय?' शंभर पानी एसआरएस वाचून हे कुणी विचारलं नसतं.

घोळ झाला तो पुढे. स्क्रीन आणि हिशोबाचे क्लास मॉडेलमधून आपोआप जनरेट व्हायचे. एके दिवशी अकाउंट्सच्या मॅडम पीओची प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. पुरवठादार वापीचा आणि पीओवर सीजीएसटी-एसजीएसटी! महाराष्ट्रातल्या खरेदीदाराला गुजरातहून माल येतो तेव्हा आयजीएसटी लागतो, हे अकाउंट्समधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. आधीचे सगळे पीओ बरोबर होते. आदल्या संध्याकाळी बदल एवढाच झाला होता, की फॉर्मवर 'वाहतूक खर्च' हा रकाना वाढवला होता.

वेंडरचा मुलगा आला. पहिला प्रश्न: 'तुम्ही मॉडेलमध्ये काही हलवलंत का?' आम्ही! आमच्याकडे तर लॉगिनसुद्धा फक्त बघण्यापुरतं. मग त्याच्या मशीनवर जुना कोड उघडला, तेव्हा कळलं. राज्य बघून कर ठरवायच्या ओळी मॉडेलमध्ये कधी नव्हत्याच. त्यांच्याच कुणीतरी त्या जनरेट झालेल्या फाइलमध्ये हाताने घुसवल्या होत्या. रकाना वाढला, फाइल पुन्हा जनरेट झाली, ओळी गेल्या. तो स्क्रीनकडे बघत 'अच्छा…' एवढंच म्हणाला. मग दुरुस्तीचं कोटेशन पाठवलं!

म्हणून पहिलं सांगणं: जनरेट झालेल्या फाइलला कुणी हात लावायचा नाही. हाताने लिहायचं ते त्या क्लासपासून वारसा घेणाऱ्या वेगळ्या क्लासमध्ये, वेगळ्या फोल्डरमध्ये. आणि बिल्ड मशीनवर रोज रात्री जुनी जनरेटेड फाइल पुसून नवी करायला लावा. कुणी चोरून काही लिहिलं असेल, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडं पडेल.

दुसरी गोष्ट चालू केसेसची. डायरेक्टरच्या सहीची मर्यादा ५०,००० वरून १ लाख झाली. आकृती बदलली, डिप्लॉय झाली. तरी ७०,००० चा जुना पीओ डायरेक्टरच्याच इनबॉक्समध्ये अडकलेला. आकृतीवरून प्रोसेस चालवणारी बहुतेक इंजिनं सुरू झालेली केस तिच्या मूळ आवृत्तीवरच पुढे नेतात. नव्या आवृत्तीवर आणायची तर जुनी कुठली पायरी नव्या कुठल्या पायरीशी जुळते हे सांगून स्थलांतर करावं लागतं. त्यात वावगं काही नाही. पण चालू केसेसचं काय, हे मी करारापूर्वीच मेलवर विचारलं होतं. उत्तर होतं, 'होऊन जाईल सर.' तो मेल मी जपून ठेवलाय. मर्यादेसारखे आकडे चित्रातल्या अटींत कोंबूच देऊ नका. मास्टर टेबलमध्ये किंवा डीएमएनच्या, म्हणजे निर्णयाच्या नियमांच्या, तक्त्यात ठेवा.

बॅकअप घ्या, लोकांना प्रशिक्षण द्या, तोंडी काही मान्य करू नका. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

'स्टँडर्ड आहे, उद्या दुसरीकडे न्या' यावर मात्र अजिबात विसंबू नका. पैसे देण्याआधी आकृतीची एक्सएमएल फाइल मागा आणि दुसऱ्या कंपनीच्या इंजिनवर चालवून दाखवा म्हणा. आमच्या फाइलमधून चौकटी आणि बाण व्यवस्थित उघडले. फॉर्म, काम कुणाकडे जायचं त्याचे नियम, ईआरपीशी जोडणी हे सगळं वेंडरच्या स्वतःच्या एक्स्टेन्शनमध्ये होतं. नव्या इंजिनला त्यातलं काही वाचता येईना. हे त्यांना विचारलं तर म्हणाले, 'चित्र तर दिसतंय ना?'