केळीचे ऊतिसंवर्धन : एका मुनव्यापासून हजारो रोपे

लागवडीच्या केळीला रुजणारे बी नसते. फळ कापल्यावर मधोमध दिसणारे काळे ठिपके हे अविकसित बीजांडांचे अवशेष होत. त्यामुळे या पिकाची वंशवृद्धी पूर्वापार मुनव्यांनीच होत आली आहे. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने असलेला मुनवा खणून लावण्याची रीत गोमंतकातील कुळागरांत आजही चालते. परंतु चांगले मुनवे थोडेच मिळतात, त्यांचे वय सारखे नसते, आणि मातृवृक्षाचे दुखणेही त्यांच्यासोबत नव्या जागी जाते. पर्णगुच्छ रोग असाच पसरतो. पाने आखूड व ताठ होऊन शेंड्याशी झुबका होतो आणि घड बहुधा पडतच नाही. मावा हा विषाणू शेजारच्या झाडांवर नेतो. दूरच्या गावी मात्र तो माणसाच्या हातूनच पोहोचतो.

प्रयोगशाळेत निरोगी मुनव्याची आवरणे सोलून आतील वाढीचा अंकुर काढतात आणि निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत ठेवतात. तेथे माती नसते. क्षार, साखर, जीवनसत्त्वे व वृद्धिद्रव्ये घातलेले खाद्यमाध्यम असते. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेले त्याचे सूत्र आजही वापरात आहे. तीन-चार आठवड्यांनी अंकुराला फुटवे येतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या माध्यमात ठेवतात. दर खेपेस एकाचे तीन झाले असे धरले, तरी सात खेपांत संख्या दोन हजारांवर जाते. मात्र खेपा सुमारे आठांपुरत्याच ठेवतात, कारण पुढे विकृत रोपांचे प्रमाण वाढते. मुळ्या फुटल्यावर रोपे प्रथम दमट हरितगृहात व नंतर सावलीच्या जाळीखाली ठेवून त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ऊतिसंवर्धित रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. मातृवृक्षात विषाणू असेल तर तोही हजारो रोपांत उतरतो. म्हणून केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. रोपे घेताना विषाणू-चाचणीचा दाखला मागावा. त्यात संकोच कसला?

दुसरा प्रश्न वाणांचा. बाजारातील अशा रोपांत ‘ग्रँड नैन’चे प्राबल्य आहे. त्याचे घड जवळजवळ एकाच वेळी तयार होतात. व्यापारी लागवडीला हे सोयीचे. परंतु वर्षभर एकेक घड उतरविणाऱ्या कुळागर-मालकाला त्याचा उपयोग कितपत? चतुर्थीच्या माटोळीला लागणारी सालदाटी, रसबाळी आणि मयडेची प्रसिद्ध केळी यांची निरोगी रोपे हवी असतील, तर त्यांची निरोगी बेटे आधी सापडली पाहिजेत. कोणत्या वाड्यावर कोणता वाण उरला आहे याची नोंद शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी करून घेतली, तर ती विभागीय कृषी कार्यालयाला उपयोगी पडेल.

सुमारे ३० सेंटीमीटर उंचीचे, पाच-सहा पानांचे रोप लावावे. पिशवी फाडताना मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नये. लागवडीपूर्वी जवळपासची पर्णगुच्छग्रस्त बेटे कंदासह उपटावीत. मात्र त्याआधी त्यांवरील मावा औषध फवारून मारावा, नाहीतर तो उठून नव्या रोपांवर जाऊन बसतो.