महाड-पोलादपूरच्या गावकारभारासाठी लॅपटॉपची निवड

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या महाड व पोलादपूर या तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे दप्तर आता बहुतांशी संगणकावर आले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीवर गावाचा विकास आराखडा व हिशेब नोंदवावा लागतो. त्याच यंत्रावर ग्रामसभेचे चित्रीकरण उतरवून घ्यावे लागते आणि पूर्ण झालेल्या कामांची छायाचित्रे साठवावी लागतात. शाळेत चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह, किल्ले रायगड किंवा तानाजी मालुसरे यांचे उमरठ यांवर पाठाची चित्रफीत तयार करावयाची, तर तिचे संकलनही तेथेच होते. अशा बहुविध कामांसाठी साधारण पन्नास ते सत्तर हजार रुपयांच्या आतील लॅपटॉप घेताना कोणत्या बाबी पाहाव्यात, याचा विचार येथे केला आहे.

या भागात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे तीच आपत्ती ओढवली, तर सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. डोंगरउतारावरील भेगा, ओढ्यांचे प्रवाह आणि घरांची स्थिती यांचे पावसाळ्यापूर्वीचे चित्रीकरण हाती असेल, तर नंतरच्या पाहणीस तुलनेचा भक्कम आधार मिळतो. मात्र ते चित्रीकरण पुरातून वाचले पाहिजे.

प्रोसेसर व रॅम

‘आय-५ आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. हे नाव २००९ पासून प्रचारात असून त्यानंतर त्याच्या अनेक पिढ्या होऊन गेल्या. म्हणून प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक मागून घ्यावा. क्रमांकाच्या शेवटी बहुधा ‘यू’ किंवा ‘एच’ हे अक्षर असते. ‘यू’ प्रकार वीज कमी वापरतो. ‘एच’ प्रकार संकलनात अधिक वेगवान असला, तरी बॅटरी लवकर संपवितो आणि अधिक तापतो. ज्यांचे काम मुख्यत्वे दप्तराचे व महिन्यातून एखाद-दुसऱ्या चित्रफितीचे आहे, त्यांना नव्या पिढीतील ‘यू’ पुरेसा होतो. नियमित संकलन करणाऱ्या शाळेने ‘एच’ घ्यावा.

एकाच वेळी हिशेबाचा तक्ता, संकेतस्थळ, दूरदृश्य बैठक आणि संकलनाची आज्ञावली उघडली, की आठ जीबी रॅम अपुरी पडते व यंत्र रेंगाळू लागते. सोळा जीबी हे किमान प्रमाण मानावे. मध्यम किमतीच्या बहुतेक यंत्रांत चित्रांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते आणि चित्रांचे कामही याच रॅममधून भागवावे लागते. रॅम पक्की बसविलेली आहे की पुढे वाढविता येते, हेही विचारावे.

साठवणीचा हिशेब

साठवणीचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. मोबाईलवर फुल एचडी दर्जाचे चित्रीकरण सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट या वेगाने होते असे धरल्यास एका तासास साडेसात जीबी जागा लागते. तीन तासांच्या ग्रामसभेस सुमारे २३ जीबी लागतील. ५१२ जीबीच्या एसएसडीत प्रणाली व इतर आज्ञावली वजा जाता ४०० जीबीच्या आसपास जागा उरली, तर ती सतरा ग्रामसभांत भरते. तेच चित्रीकरण ‘फोर-के’ दर्जाने केले, तर जागा जवळपास तिप्पट लागते. ग्रामसभेच्या नोंदीसाठी फुल एचडी पुरेशी आहे; ५१२ जीबीची एसएसडी आणि सोबत एक बाह्य डिस्क हा मेळ परवडणारा ठरतो. जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क संगणकाचे मुख्य साठवण म्हणून घेऊ नये. तिचा वेग संकलनास पुरत नाही.

वजन, पडदा व वीज

ज्या वाड्यांपर्यंत शेवटचा टप्पा पायी चढून जावे लागतो, तेथे दीड किलोचे यंत्र आणि सव्वादोन किलोचे यंत्र यांतील फरक खांद्याला जाणवतो. चार्जरचे वजनही त्यात धरावे. पडद्याची प्रखरता किमान ३०० निट्स असावी, म्हणजे ओसरीवरही अक्षर दिसेल. संकलन करावयाचे असल्यास ‘एसआरजीबी’ रंगांचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ असावे. पन्नास वॅट-तास क्षमतेची बॅटरी साध्या लेखनास दहा वॅट खर्च झाल्यास पाच तास पुरते. संकलनास पंचवीस वॅट लागू लागले, की ती दोन तासांत संपते. पावसाळ्यात वीज खंडित होते, तेव्हा हा फरक ध्यानी घ्यावा. टाइप-सी चार्जिंगची सोय असल्यास पुरेशा शक्तीचा दुसरा चार्जरही उपयोगी पडतो.

मूळ प्रत व तिची राखण

संकलन नेहमी प्रतीवर करावे. मूळ चित्रीकरणास हात लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्या दृष्टीनेही मूळ प्रत अबाधित राहणे अगत्याचे आहे. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी पूररेषेबाहेरील ठिकाणी वा सुरक्षित ऑनलाईन साठ्यात ठेवावी. लॅपटॉप व डिस्क एकाच कपाटात राहिल्यास पुराचे पाणी दोन्ही घेऊन जाते. म्हणून बाह्य डिस्कची किंमत यंत्राच्या अंदाजपत्रकातच धरावी.

खरेदीपूर्वी

वापरलेले यंत्र घ्यावयाचे असल्यास त्यावर ‘विंडोज ११’ चालते याची खात्री करावी, कारण ‘विंडोज १०’ चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुरुस्ती जागेवर मिळेल की यंत्र मुंबई-पुण्यास पाठवावे लागेल, हे महाड वा पोलादपूरचा पिनकोड सांगून लेखी विचारावे. संकलनासाठी ‘शॉटकट’ व ‘केडेनलाईव्ह’ या मोफत आज्ञावली उपलब्ध असल्याने त्यावर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही.

शक्य तेथे मागणी नोंदविण्यापूर्वी तोच नमुना प्रत्यक्ष चालवून पाहावा. स्वतःच्या मोबाईलवरील दहा मिनिटांचे चित्रीकरण त्यावर उतरवावे, सोबत हिशेबाचा तक्ता व संकेतस्थळ उघडे ठेवावे, आणि चार्जर काढून चित्रफीत कापून-जोडून तयार होण्यास किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. चाचणीत उतरलेल्या यंत्राचे वर्णन ठरावात ब्रँडच्या नावाऐवजी प्रोसेसर, रॅम, साठवण, वजन व हमी या शब्दांत लिहावे. म्हणजे दरांची तुलना न्याय्य होते आणि पुढील लेखापरीक्षणातही निवडीचे कारण स्पष्ट राहते. ही खरेदी एप्रिलअखेर पुरी झाली, तर मे महिन्यात वाड्यावस्त्यांचे चित्रीकरण होऊन पहिल्या पावसापूर्वी त्याच्या प्रती सुरक्षित स्थळी पोहोचतील.