चौकोनातला धडा



आपल्या बालभारतीच्या पुस्तकावर एक काळा-पांढरा चौकोन असतो. तो तुम्ही पाहिला असेलच. त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो कसा चालतो आणि आमचे गुरुजी तो वापरायला कसे शिकले, ते मी आज सांगणार आहे.

हा कोड १९९४ साली जपानमध्ये तयार झाला. मासाहिरो हारा हे तो करणारे इंजिनियर. मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो केला होता. त्यात काळी आणि पांढरी बारीक घरं असतात. काळं घर म्हणजे १ आणि पांढरं म्हणजे ०. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यावरून मोबाइलला कळतं, की कोड सरळ आहे की तिरपा.

आपल्या महाराष्ट्रातही एका गुरुजींनी याचा फार चांगला उपयोग केला. त्यांचं नाव रणजितसिंह डिसले. ते २००९ साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडी गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आले. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड उघडला की मुलांना कविता ऐकता येई, गोष्ट पाहता येई. पुढे सरकारनेही पुस्तकांत कोड छापले. २०२० साली डिसले गुरुजींना जगातल्या उत्तम शिक्षकाचा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आता आमच्या गुरुजींचं सांगतो. त्यांना खडू-फळ्याची सवय. ते मोबाइल लांब धरायचे आणि कोड काही उघडायचा नाही. मग म्हणायचे, "आज नेट नाही." आम्ही हळूच हसायचो.

एकदा त्यांनी कोड उघडून घरी धडा पाहायला सांगितला. आमच्या घरी एकच मोबाइल. तो वडिलांबरोबर केळीच्या गाडीवर जातो. केळी भरून ते परत येतात, तेव्हा मी झोपलेला असतो. पण वर्गात हे सांगायची मला लाज वाटली. माझ्या पुस्तकावर केळीच्या चिकाचा काळा डाग पडला होता. मी म्हणालो, "गुरुजी, डागामुळे कोड उघडत नाही."

गुरुजींनी पुस्तक घेतलं, मोबाइल धरला आणि कोड लगेच उघडला! सगळी मुलं हसली. मी खाली मान घातली.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "कोडात माहिती जरा जास्तीची भरलेली असते. म्हणून थोडा भाग खराब झाला तरी चालतं." मग त्यांनी कोपऱ्यातला एक मोठा चौकोन कागदाने झाकला. तेव्हा मात्र कोड उघडला नाही. आमचा प्रयोगच झाला!

मग ते म्हणाले, "मीही खोटं बोललो होतो. नेट होतं, मलाच येत नव्हतं. काल माझ्या नातीकडून शिकलो. येत नाही म्हणायला लाजलं, की शिकणं राहून जातं."

मग मीही खरं सांगितलं. आणखी पाच जणांनी हात वर केले. त्यांच्याही घरी मोबाइल नव्हता!

कोडात आख्खा धडा नसतो. धडा कुठं आहे तो पत्ताच असतो. म्हणून नेट लागतं. आता गुरुजी दीक्षा अॅपवरून धडा आदल्या रात्रीच उतरवून आणतात. मग लाइट गेली, नेट गेलं तरी अडत नाही. घंटेआधी आम्ही सहा जण त्यांच्या मोबाइलवर धडा पाहतो.

मी आजीलाही कोड दाखवला. ती म्हणाली, "मले काय समजते त्याच्यातलं?" मी म्हटलं, "आजी, गुरुजींनाही समजत नव्हतं." आता धडा मी तिला तोंडानेच सांगतो.

पालकहो, एक विनंती आहे. ज्यांच्या घरी मोबाइल आहे, त्यांनी संध्याकाळी अर्धा तास शेजारच्या मुलालाही जवळ बसवावं. चौकोन सगळ्यांच्या पुस्तकावर आहे. धडाही सगळ्यांना मिळावा.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी, सावदा